धुराचे काप

वही-पेन्सिल जवळ ठेवा, कारण मध्यावर आम्ही मापं सांगणार आहोत. ती दोनदा सांगू, म्हणजे गॅसवर दूध असलं तरी चुकणार नाही.

आमचा विषय तसा एका पदार्थाचा आहे, पण सुरुवात करतो ती दोन भांड्यांपासून. आपल्याकडं कुणी विचारलं, ‘तुम्ही खाता का?’ तर काय खाता ते वेगळं सांगावं लागत नाही. खाणारं घर आणि न खाणारं घर. पण आता बऱ्याच घरांत एक माणूस खातो आणि एक सोडतो. कुणी माळ घालतं, कुणाला डॉक्टर सांगतात, कुणाचं मनच उतरतं. मग चुलीवर दोन भांडी चढतात, दोन पळ्या, दोन झाकणं. आणि हे दुसरं भांडं कोण करतं? ते तुम्हालाही ठाऊक आहे, आम्हालाही.

बोईसरात माणूस कुठला नाही? एमआयडीसीमुळं आणि अणुशक्ती केंद्रामुळं सगळ्या मुलखांतून माणसं आली. आमच्या चाळीतच बघा. आमच्यातली एक सातपाटीची, एक वसईची ख्रिस्ती, एक घाटावरची आणि एक विक्रमगडची. सकाळच्या पाळीचे डबे झाले की आम्ही ओट्यावर बसतो. तिथंच हे सगळं सुरू झालं.

वसईच्या बाईचा मुलगा जहाजावर असतो. सुट्टीवर आला तेव्हा अंगानं भरलेला. पुन्हा जहाजावर चढण्याआधीच्या तपासणीत त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला सांगितलं, आणि विचारलं, ‘जहाजावर नाश्त्याला काय असतं?’ तो म्हणाला, ‘अंडी, पाव आणि बेकन.’ डॉक्टर म्हणाले, ‘बेकन बंद. खारवलेलं, वाळवलेलं सगळंच बंद. दीड महिन्यानं परत तपासू.’ म्हणजे नोकरीच अडकली. पोराला बंद म्हटलं की तेच हवं असतं. रोज सकाळी आईच्या मागं टुमणं, ‘तसलं काहीतरी कर ना, खारट, धुरकट, कुरकुरीत.’

आता बेकन म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डुकराच्या पोटाकडचं चरबीचे थर असलेलं मांस मिठात, थोड्या साखरेत मुरवतात. बहुतेक वेळा त्याला लाकडाचा धूर देतात. मग त्याच्या पातळ लांब पट्ट्या कापून त्या त्यांच्याच चरबीत तळतात. लाल पट्टा, पांढरा पट्टा, लाल पट्टा, असं ते दिसतं. रंग टिकावा आणि मांस खराब होऊ नये म्हणून त्यात नायट्राइट नावाचा क्षारही घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली बेकन, सॉसेज, हॅम यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं कारण म्हणून नोंदवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर तो धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांचं म्हणणं आहे. एखाद्या नाताळात दोन तुकडे खाल्ले म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रश्न रोजच्या खाण्याचा आहे.

हे सगळं ऐकून सातपाटीची वहिनी हसायला लागली. म्हणाली, ‘अगं, हे तर आमच्या खाऱ्या माशासारखंच झालं! मिठात मुरवायचं, वाळवायचं, निखाऱ्यावर धरायचं आणि पेजेबरोबर एक तुकडा चघळायचा.’ खरंच की. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात, मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांना हेच सुकं नि खारं तारून नेतं. माणूस बोटीवरचा असो की बंदरावरचा, जीभ मागते त्या गोष्टी त्याच. आम्ही त्या बोटांवर मोजल्या. मीठ, धूर, तेलकटपणा, कुरकुरीतपणा आणि मागं थोडासा गोडवा. या पाच गोष्टींतली एकही एकट्या मांसात असते असं नाही. मग त्या आपल्या झाडापाल्यातून का नाही देता येणार?

आणि मैत्रिणींनो, हे काही मोबाइलवरून आलेलं नवीन खूळ नाही. आपल्याकडं श्रावण पाळणारी घरं वर्षानुवर्षं हेच करत आली आहेत. कच्च्या फणसाची भाजी मटणाच्या वाटणात करतात. सुरणाचे, वांग्याचे, कच्च्या केळ्याचे काप मासे तळावेत तसे तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तळतात. वड्यांबरोबर कोंबडी नसेल तेव्हा काळ्या वाटाण्याचं सांबार असतं. आणि पहिल्या पावसात विक्रमगड, जव्हार, मनोरकडच्या बाया बाजारात शेवळं घेऊन बसतात. शेवळं ही सुरणाच्याच कुळातली. काही घरांत त्यात कोलंबी किंवा खिमा घालतात, काही घरांत नुसती डाळ किंवा वाल. पण करणाऱ्या बाईला ठाऊक असतं की काकडाची आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजेल. आमची विक्रमगडची मैत्रीण म्हणते, ‘रानानं आम्हाला मांसासारखं खाणं दिलं, पण त्याची किल्लीही रानातच ठेवली.’

तर आम्ही कामाला लागलो. आधी आमच्या चुका सांगतो, म्हणजे तुमचं सामान वाया जाणार नाही.

पहिल्यांदा केळ्याची साल घेतली. मोबाइलवर एका बाईनं ती मुरवून तळलेली दाखवली होती. आमची निघाली चामड्यासारखी, वर तुरट. शिवाय फळावर फवारा किती मारलेला असतो ते कोण जाणे. ते सोडून दिलं. दुसऱ्यांदा सुरण घेतला. काप छान तळले, धूर दिला, आणि संध्याकाळी चौघींचे घसे खाजायला लागले. घाईत आम्ही सुरण आंबटात ठेवलाच नव्हता. सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात तो अर्धा तास ठेवायचा, मग वाफवायचा आणि मगच तळायचा. चिरताना हाताला तेल लावायचं. आयांनी शिकवलेलं आम्ही विसरलो होतो, दुसरं काय!

तिसरी चूक सगळ्यात मोठी होती, कारण तो पदार्थ चवीला झकास झाला होता. आम्ही ओल्या नारळाचे काप केले. त्यात सोया सॉस घातला, कोकमाचं आगळ घातलं, वरून मीठ घातलं, आणि कुरकुरीत व्हावेत म्हणून पापडखारही घातला. जहाजावरचा पोरगा म्हणाला, ‘आई, हे तर बेकनला मागं टाकेल!’ आम्ही खूश. रात्री त्याची आई सहज हिशोब करत बसली. सोया सॉस खारट, आगळ मीठ घालूनच टिकवलेलं असतं, पापडखारातही सोडियम, आणि वरून आपण घातलेलं मीठ. दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन म्हणाली, ‘बायांनो, डुक्कर गेलं आणि मीठ राहिलं. डॉक्टरांनी बंद केलं होतं ते मीठ. आपण पोराला आगीतून फुफाट्यात टाकलं.’

तेव्हा आम्ही गप्पच झालो. शाकाहारी म्हणजे आपोआप पथ्याचं, असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नसतं. मोठ्या माणसानं दिवसभरात मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी, आमटी, लोणचं, पापड, बिस्किटं, फरसाण सगळं आलं. मग कापांच्या वाट्याला किती उरलं, तुम्हीच मोजा. दुकानातून तयार पाकीट आणत असाल, तर त्यावर हिरवा ठिपका बघून थांबू नका. मागं सोडियम किती लिहिलंय तेही वाचा. आणि कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असतं.

मग मीठ कमी करून चव कशी आणायची? इथं आम्हाला तीन गोष्टी सापडल्या. पहिली कोकम. आगळ नाही, सुकी आमसुलं. ती कोमट पाण्यात भिजवून कोळून घ्यायची, आणि आणताना मीठ लावलेली नाहीत ना ते चाखून बघायचं. आंबटपणा असला की मीठ थोडं चालतं. दुसरी मसाला वेलची, ती मोठी काळी. ही वेलची भट्टीच्या धुरावर वाळवतात, म्हणून तिच्या दाण्यांना मुळातच धुराचा वास असतो. बाटलीतला विकतचा धूर लागत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे धुंगार. तो तर आपल्या सगळ्यांच्या घरचा.

आता लिहून घ्या. आधी मुरवण, ते दोन्ही पदार्थांना एकच आहे. चार आमसुलं दोन मोठे चमचे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळून घ्या. त्यात चार पाकळ्या लसूण ठेचून, चहाचा एक चमचा काश्मिरी तिखट, अर्धा चमचा किसलेला गूळ, एका मसाला वेलचीच्या दाण्यांची पूड आणि चहाचा पाव चमचा मीठ, सपाट. पुन्हा सांगतो. चार आमसुलं, चार पाकळ्या लसूण, एक चमचा तिखट, अर्धा चमचा गूळ, एक मसाला वेलची, पाव चमचा मीठ. हे चार माणसांपुरतं आहे. म्हणजे मीठ माणशी अर्ध्या ग्रॅमच्याही आत येतं. शिंगेनं मीठ टाकू नका, चमच्यानंच मोजा. आपल्या हाताला अंदाज असतो खरा, पण तो जुन्या चवीचा असतो.

पहिला पदार्थ नारळाचे काप. शहाळं नको, घट्ट खोबऱ्याचा नारळ हवा. अर्ध्या नारळाचं खोबरं करवंटीतून सोडवा आणि बटाटे सोलायच्या सोलण्यानं त्याच्या लांब पातळ पट्ट्या काढा. त्या निम्म्या मुरवणात पंधरा मिनिटं ठेवा. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं परता. तेल घालायची गरज नाही, खोबरंच तेल सोडतं. गूळ आहे, त्यामुळं शेवटची पाच मिनिटं कढईपासून हलू नका, क्षणात करपतं. गरम असताना मऊ वाटतील, गार झाले की कुरकुरीत होतात. हे पोह्यावर, उपम्यावर, भाजून घेतलेल्या पावावर छान लागतात. पण खोबऱ्यातली चरबी घट्ट प्रकारची असते. हृदयाचं दुखणं असेल तर चिमूटभरच, आणि बाकीच्यांनीही मूठभर काप चौघांत वाटून घ्यावेत.

दुसरा पदार्थ पट्ट्यांचं धिरडं. हा आमचा आवडता, कारण तो पोटालाही लागतो. एक वाटी मसूर डाळ तीन तास भिजवा. अगदी कमी पाण्यात बारीक वाटा. त्यात उरलेलं निम्मं मुरवण आणि दोन चमचे बीटचा रस घाला. हे झालं लाल पीठ. दुसऱ्या भांड्यात पाव वाटी तांदळाचं पीठ नारळाच्या दाट दुधात सरबरीत कालवा. हे पांढरं पीठ. ज्यांच्याकडं वाडा कोलमचे कण्या-तुकडे पडून असतील, त्यांनी तेच दळून घ्यावेत.

तव्याला तेलाचं बोट फिरवा. चमच्यानं पांढऱ्या पिठाच्या तीन-चार रेघा ओढा, आणि मधल्या जागांत लाल पीठ सोडून हलक्या हातानं पसरा. रेघा वाकड्यातिकड्या झाल्या तर बरंच, मांसाचे थरही वाकडेच असतात. झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्या, उलटा, दुसरी बाजू होऊ द्या. बीटचा लाल रंग तव्यावर तपकिरी होतो. घाबरू नका, तोच हवाय. धिरडं पूर्ण गार होऊ द्या. गरम कापलं तर मोडतं, आमचं पहिलं मोडलंच. मग दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापा.

आता धुंगार. पट्ट्या पातेल्यात ठेवा, मध्ये छोटी वाटी. लाकडी कोळशाचा एक निखारा फुलवून वाटीत ठेवा, त्यावर चार थेंब तूप किंवा तेल टाका, लगेच झाकण. तीन ते चार मिनिटं, जास्त नाही. जास्त ठेवलं की धूर कडू लागतो. आणि मैत्रिणींनो, हे नीट ऐका. कोळसा बंद खोलीत पेटवायचा नाही. कोळशाच्या धगीतून एक विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच गुदमरतो. आपल्या चाळींतल्या खोल्या लहान, एक खिडकी, तीही डासांसाठी लावलेली. म्हणून धुंगार ओट्यावर, दारात, उघड्यावर द्यायचा, आणि झाला की निखाऱ्यावर पाणी ओतून तो विझवायचा. रंगवलेल्या लाकडाचा किंवा कारखान्यातून आणलेल्या फळ्यांचा कोळसा तर घेऊच नका. धूर दिलेल्या पट्ट्या शेवटी चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी कडक करा.

आता हे धिरडं आम्हाला का सुचलं ते सांगतो. आमच्यातल्या एकीनं चातुर्मास धरला होता. मांस-मच्छी बंद. आम्ही केलेले सुरणाचे काप, फणसाचे काप ती आनंदानं खायची. भात, काप, आमसुलाचं सार. वाटायचं, छान चाललंय, मांसासारखं लागतंय. दोन महिन्यांनी जिना चढताना तिला धाप लागायला लागली. तपासणीत रक्त कमी निघालं. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी ताटात काय असतं ते विचारलं आणि म्हणाल्या, ‘चव बदलली, पण मासा जे देत होता ते कुणी दिलं?’

हा प्रश्न आम्ही आजही विसरलो नाही. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. सुरणात, कच्च्या केळ्यात, फणसात १०० ग्रॅममागं एक ते तीन ग्रॅमच्या आसपास. खोबऱ्यातही फार नाहीत. म्हणजे काप हे तोंडी लावणं झालं, माशाची जागा त्यांनी घेतली नाही. मसूर डाळीत मात्र १०० ग्रॅममागं सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. वाल, मूग, चवळी, हरभरा यांच्यातही साधारण तितकीच, आणि सोयाबीनमध्ये त्याहून बरीच जास्त. आमच्या एका वाटीच्या धिरड्यात चौघांना माणशी एका अंड्याइतकी प्रथिनं मिळतात. त्याबरोबर भात किंवा भाकरी असली की डाळीत जे कमी असतं ते धान्य भरून काढतं. लिंबू पिळलं की डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको. एक गोष्ट मात्र डाळीतून मिळत नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. मासे-अंडी सोडलीत तर दूध-दही चालू ठेवा, आणि तेही घेत नसाल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. आमची मैत्रीण आता बरी आहे. लोहाच्या गोळ्या घेतल्या, आणि रोजच्या ताटात वाटीभर उसळ आली.

अळंबीचं बऱ्याच जणी विचारतात. बाजारात धिंगरी मिळते, ती हातानं लांब फाडून, तव्यावर कोरडीच परतून तिचं पाणी आटवायचं आणि मग मुरवण लावायचं. फार सुंदर लागते. पण पावसात रानात उगवलेली अळंबी स्वतः तोडून आणायची असेल, तर विक्रमगडच्या मैत्रिणीचं ऐका. ती म्हणते, ‘आमच्यातल्या म्हाताऱ्याही शंका आली तर टाकून देतात.’ विषारी अळंबी शिजवली तरी विषारीच राहते. ओळखीच्या हातची घ्या, नाहीतर विकतची.

शेवटी घाटावरच्या बाईच्या घरची गोष्ट सांगायची राहिली. तिच्या सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी माळ घातली. आधी ते मटणाचे मोठे शौकीन. तिला वाटलं, बाबांनी मनावर दगड ठेवून सोडलंय, आपण त्यांना ही चव परत देऊ. एका दुपारी तिनं गरम गरम पट्ट्या त्यांच्या ताटात वाढल्या. काही सांगितलं नाही. बाबांनी एक तुकडा तोंडात घातला, थांबले, आणि उरलेला ताटाच्या कडेला ठेवला. म्हणाले, ‘सूनबाई, हे काय आहे?’ ती म्हणाली, ‘बाबा, डाळच आहे, देवाशपथ डाळच आहे.’ बाबा म्हणाले, ‘डाळ असेल गं. पण जी आठवण मी पांडुरंगापाशी ठेवून आलो, ती तू परत आणून ताटात वाढलीस.’

ती रडवेली झाली. इतका वेळ घालून केलेलं, प्रेमानं केलेलं. ओट्यावर आल्यावर आम्हीही आधी म्हाताऱ्यालाच नावं ठेवली. मग वसईची बाई म्हणाली, ‘आमच्याकडं प्रायश्चित्तकाळात चाळीस दिवस काही जण मांस सोडतात. मी त्या दिवसांत असं धुरकट काही केलं, तर माझी आईही हेच म्हणेल. सोडणं म्हणजे थोडं चुकल्यासारखं वाटणं, तेच तर तिला देवाला द्यायचं असतं.’ आम्हाला पटलं. जहाजावरच्या पोराला ती चव हवी होती, नोकरीसाठी फक्त मांस आणि मीठ सोडायचं होतं. बाबांना ती चवच सोडायची होती. दोघांच्या ताटात एकच गोष्ट वाढून चालणार नव्हतं. आणि विचारल्याशिवाय तर कुणाच्याच ताटात वाढू नये.

दुसऱ्या दिवशी तिनं सासऱ्यांना सरळ विचारलं, ‘बाबा, तुम्हाला काय करू?’ दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. ते म्हणाले, ‘सुरणाचे काप कर, पण सुरण म्हणूनच. धूर नको, लसूण नको. आणि चातुर्मासात आमच्यात मसूर चालत नाही, त्या धिरड्याला मुगाची डाळ घे.’ मुगाचंही धिरडं छान होतं. लसणाऐवजी आलं घ्या आणि निखारा वगळा, बाकी कृती तीच. आता त्या घरात एकच पीठ भिजतं. थोडं बाबांसाठी आधी साधं काढून ठेवायचं, उरलेल्याला मुरवण आणि धूर. दोन भांडी होती तिथं एकाचं काम झालं. आणि बाबा आता शेवटी एकटे जेवत नाहीत, सगळ्यांबरोबर बसतात.

जहाजावरच्या पोराचंही सांगतो, नाहीतर तुम्ही विचाराल. दीड महिन्यानं तपासणी झाली, रक्तदाब आटोक्यात आला होता, तो गेला जहाजावर. आमच्या धिरड्यानं तो बरा झाला असं आम्ही म्हणणार नाही. त्यानं गोळी चुकवली नाही, रोज सकाळी नवापूरच्या रस्त्याला तासभर चालला, आणि मीठ कमी केलं. धिरड्यानं एवढंच केलं की मीठ कमी करताना तो चिडला नाही. जाताना आईकडून मसाला वेलचीची पूड बांधून घेऊन गेला.

या पदार्थाला नाव काय द्यायचं यावर ओट्यावर बरीच चर्चा झाली. ‘खोटं बेकन’ म्हणावं असं पोरांचं म्हणणं होतं. आम्हाला ते आवडलं नाही. डाळ खोटी नाही, नारळ खोटा नाही, आणि आमची मेहनतही खोटी नाही. म्हणून आम्ही म्हणतो ‘धुराचे काप’. कुणी विचारलं तर काय घातलंय ते सरळ सांगतो.

मग येत्या रविवारी करून बघा. मीठ चमच्यानं मोजा, निखारा उघड्यावर पेटवा, ताटात डाळ आहे ना ते बघा. आणि वाढायच्या आधी, ज्याच्यासाठी करताय त्याला एकदा विचारा.